मदत हवी आहे : सीजे-३बी जीपला डिझेल इंजीन बसवावं का?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा. वडिलांची महिंद्रा सीजे-३बी माझ्याकडे आहे. मूळचं २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजीन, तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स. द्राक्षबागेत चार दशकं राबून इंजीन आता थकलंय, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पार उतरलंय.

इथल्या द्वारका चौकाजवळच्या एका मेकॅनिकचं म्हणणं, २११२ सीसीचं प्यूजो डिझेल टाकून मोकळा हो. खर्च कमी, पार्टही सहज मिळतात. मला मात्र धाकधूक आहे. डिझेलचा टॉर्क खालच्या आरपीएमवर येतो, वजनही जास्त. हा जुना गिअरबॉक्स आणि पुढचे पाटे (स्प्रिंगा) ते पेलतील का? शिवाय डिफरन्शिअलचा (अॅक्सलमधल्या गिअरचा) रेशो ५.३८, चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या. म्हणजे मुंबई-आग्रा हायवेवर साठच्या पुढे गेलं की इंजीन किंचाळणार. कोणी रेशो बदलून घेतलाय का? की सरळ महिंद्राच्याच एमएम ५४० जीपचा गिअरबॉक्स आणि दोन्ही अॅक्सल सगळंच उचलून बसवलंय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, ती घेणारच. चोरून काही करायचं नाही.

खरं सांगायचं तर मन हरिकेनकडेच ओढतं. सिलिंडर बोअर करून (आतून घासून मोठे करून) नवे पिस्टन, क्रँकशाफ्टचं ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट एवढं नीट झालं तर नांदुरीहून वणीच्या गडाचा घाट ती भरवशाने चढेल का? नाशिक परिसरात हे काम स्वतः करून घेतलेल्यांनी कृपया खर्च आणि अनुभव सांगा. वडिलांनी ज्या गाडीवर मला स्टेअरिंग धरायला शिकवलं, ती अर्धवट खोलून ठेवायची नाही.