चिंगीचा अखेरचा काळ : निर्णय केव्हा घ्यावा आणि नंतरचे दुःख कसे सोसावे?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार. आमच्या घरी चिंगी नावाची गावठी कुत्री आहे आणि तिचे वय आता चौदाच्या घरात आहे. येळ्ळूरला आमच्या शेतातल्या गोठ्यात ती जन्मली. माझ्या मुलाच्या जन्माआधीपासून ती घरात असल्यामुळे तिच्याशिवायचे घर त्याने पाहिलेलेच नाही. दिवाळीनंतर तिचे पाणी पिणे एकाएकी वाढले आणि वजन उतरू लागले. रक्ततपासणीत क्रिएटिनिन फार वाढलेले निघाले व सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे आकसलेली दिसली. सलाइन, उलटीवरच्या गोळ्या आणि पथ्याचा आहार यांवर उन्हाळा बरा गेला. परंतु मिरगापासून ती खालावतच चालली आहे. तिच्या तोंडाला उग्र वास येतो, हिरड्यांवर फोड आले आहेत, आणि एरवी ताटलीचा आवाज झाला की धावत येणारी चिंगी आता दहीभात पुढे ठेवला तरी वास घेऊन मान फिरवते.

आमचे डॉक्टर म्हणाले की यापुढे औषधाने बरे होण्यासारखे काही उरलेले नाही. इंजेक्शन देऊन तिची सुटका करायची की घरीच शेवटपर्यंत सांभाळायची, हे आम्ही ठरवावे. माझ्या सासूबाई माळकरी आहेत. मुक्या जिवाचा प्राण आपल्या हाताने घेण्याचे पाप घरावर नको, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि मला त्यांचे मन दुखवायचे नाही. यजमान नोकरीनिमित्त पुण्यात असतात. मुलगा चौथीत आहे आणि तो रोज शाळेतून आल्यावर पहिल्यांदा तिच्या नाकाला हात लावून पाहतो.

वेळ आली आहे हे कशावरून ओळखावे, इंजेक्शन देताना नेमके काय होते, भर पावसाळ्यात तिला पुरायचे कसे, आणि मुलाला काय सांगायचे, हे मला जाणून घ्यायचे आहे. आणखी एक गोष्ट लिहिते. ती अजून जिवंत असतानाच मला रडू आवरत नाही, आणि कचेरीत कोणाला सांगावे तर “कुत्रंच तर आहे” असे उत्तर मिळते.

उत्तर (खानापूर)

ताई, मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो असून अशा अनेक घरांच्या उंबऱ्यावर उभा राहिलो आहे. आपण लिहिलेली लक्षणे मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या शेवटच्या टप्प्याची आहेत. रक्तातील विषारी घटक बाहेर पडत नाहीत, त्यामुळे मळमळ होते आणि तोंडात जखमा होतात; म्हणजे तिला भूक नाही एवढेच नसून अन्न जवळ आले की तिला त्रास होतो. यासाठी तिला बळेच भरवू नये. मऊ कापडाने तोंड ओले करावे, अंगाला घट्टे पडू नयेत म्हणून दर काही तासांनी कूस बदलावी आणि अंथरूण कोरडे ठेवावे. लघवी पुसताना हातमोजे घालावेत, कारण मूत्रपिंड बिघडण्यामागे कधीकधी लेप्टोस्पायरोसिस असतो व तो लघवीतून माणसालाही होऊ शकतो. चिंगीच्या बाबतीत वयामुळे ही शक्यता कमी वाटते, तरी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. माणसांची वेदनाशामक गोळी, विशेषतः आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, कळवळ्यापोटीसुद्धा देऊ नये. उरलेसुरले मूत्रपिंडही त्याने निकामी होते.

वेळ कशी ओळखावी, याविषयी अमेरिकेतील पशुवैद्य डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली पद्धत मला उपयोगी वाटत आली आहे. वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत की नाही, अशा सात बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहण्यास हरकत नाही, असे त्या मानतात. आपण आणि सासूबाई दोघींनी हे गुण वेगवेगळे द्यावेत. शिवाय भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री चांगल्या दिवसाला एक आणि वाईट दिवसाला दुसरी खूण करावी. मायेने पाहणाऱ्याला कालची रात्र विसरायला होते, पण कागदावर ती राहते. श्वास कष्टाने चालू होणे, झटके येणे, स्वतः उठता न येणे, ही लक्षणे दिसल्यास मात्र गुणांची वाट पाहत बसू नये.

इंजेक्शनविषयी स्पष्ट लिहितो, कारण न कळल्यानेच भीती वाढते. प्रथम गुंगीचे औषध दिले जाते, नंतर पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवून भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा सोडतात. काही सेकंदांत शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, आणि थोड्याच मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा स्नायू फडफडतो किंवा एखादी उचकी येते, मलमूत्र सुटते. हे वेदनेचे लक्षण नव्हे, म्हणून खाली जुनी चादर घालावी आणि मनाची तयारी ठेवावी. लहान गावांत ठरावीक औषध मिळतेच असे नाही आणि भुलीनंतर हृदय थांबवणारे दुसरे औषध वापरावे लागते. म्हणून डॉक्टरांना आधीच एक प्रश्न विचारा : ते दुसरे औषध देण्यापूर्वी ती पूर्णपणे बेशुद्ध झालेली असेल ना? याचे उत्तर ठाम ‘होय’ असेच हवे. डॉक्टर घरी येण्यास तयार असतील तर तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेण्यापेक्षा तिच्या नेहमीच्या जागेवरच हे होऊ द्यावे.

पुरण्यासाठी शेतातली उंचवट्याची जागा निवडा. विहीर आणि ओढा यांपासून ती पुष्कळ लांब असावी. आपल्याकडे श्रावण संपेपर्यंत सखल जागी हातभर खणले तरी पाणी लागते. खड्डा निदान तीन-चार फूट खोल हवा. देह सुती कापडात गुंडाळावा, प्लॅस्टिकमध्ये नको. वर माती दाबून दगड रचावेत, म्हणजे कोल्हे-कुत्री उकरणार नाहीत. इंजेक्शन दिलेला देह उघड्यावर टाकणे तर मुळीच चालणार नाही, कारण त्यातील औषधाने तो खाणारी जनावरे व गिधाडे मरतात. काही तासांत अंग ताठरते, म्हणून पाय आधीच पोटाशी दुमडून घ्यावेत. शेत नसलेल्यांनी महानगरपालिकेकडे चौकशी करावी.

उत्तर (चिकोडी तालुका)

मी शेतकरी आहे आणि कुत्र्याच्या आजाराविषयी मला सांगता येणार नाही, पण आपल्या सासूबाईंच्या शंकेविषयी लिहावेसे वाटले. आमच्याकडे हौशा नावाचा बैल होता. म्हातारपणी त्याचा खुबा निखळला आणि तो गोठ्यात बसला तो पुन्हा उठला नाही. वडिलांनी इंजेक्शनला नकार दिला. आम्ही पोत्यांत पेंढा भरून त्याच्या अंगाखाली घातला, रात्री उठून कूस बदलली, तरीही त्याच्या मांडीला जखमा झाल्याच. शेवटच्या दिवसांत तो दात खात असे. तो आवाज माझ्या आईला सहन होईना. अखेर आईनेच वडिलांना सांगितले की आता डॉक्टरांना बोलवा. वडील एक शब्द न बोलता बाहेर गेले आणि डॉक्टरांना घेऊनच परतले. हौशाला आम्ही बांधावर पुरले. आईने त्याला हळदकुंकू लावले, बेंदराला त्याच्या पाठीवर घालत असू ती झूल अंगावर घातली आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. सुतक असते की नसते, हे आम्ही कोणाला विचारायला गेलो नाही.

सासूबाई माळकरी आहेत म्हणून आठवण करून देतो. रामेश्वराला न्यायच्या कावडीतले गंगाजल एकनाथ महाराजांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातले, ही कथा त्यांनी कीर्तनात कितीतरी वेळा ऐकली असेल. त्या कथेत इंजेक्शनला परवानगी आहे असे मी म्हणणार नाही, ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु जीव तडफडत असताना स्वतःच्या पुण्याचा हिशेब बाजूला ठेवायचा असतो, एवढे तिच्यातून निश्चित घेता येते. त्यांना वादात हरवू नका. त्यांना चिंगीजवळ रात्रभर बसू द्या, आणि मग त्यांचे म्हणणे पुन्हा ऐका.

उत्तर (शहापूर, बेळगाव)

मी शिक्षिका आहे. आमचा बोका आम्ही इंजेक्शन न देता घरीच सांभाळला, कारण त्याला वेदना नाहीत आणि श्वास शांत आहे असे डॉक्टरांनी दर भेटीला तपासून सांगितले होते. त्यामुळे घरी सांभाळणे म्हणजे निष्काळजीपणा, असे मी मानत नाही. मात्र औषध बंद करून नुसते पाहत राहणे हे सांभाळणे नव्हे. मूत्रपिंडाच्या आजारात शेवट नेहमी शांतपणे होतोच असे नाही, हे ध्यानात ठेवून डॉक्टरांचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा.

मुलाला खरे सांगावे. “तिला गावी पाठवले” असे सांगितले तर तो वाट पाहत राहतो, आणि “तिला झोपवले” असे सांगितले तर काही मुले स्वतः झोपायला घाबरतात. तिचे शरीर थकले आहे, ते आता बरे होणार नाही, आणि यात त्याची काही चूक नाही, हे आत्ताच, ती असतानाच सांगा. वर्गातल्या एका मुलाचे कुत्रे गेले तेव्हा त्याने मला विचारले होते की मी त्याला बिस्किटे दिली म्हणून तो मेला का. मुले असे प्रश्न मनात ठेवून बसतात. पुरण्याच्या वेळी यायचे की नाही, हे त्यालाच ठरवू द्या.

आपल्या रडण्याविषयी लिहिते. ज्या दुःखाला भोवतालची माणसे दुःख मानत नाहीत, ते अधिक एकटे पाडते, हे अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्येच सविस्तर मांडले आहे. माणूस गेले तर लोक भेटायला येतात, रजा मिळते, शेजारून पिठलंभात येतो. जनावर गेले तर यातले काहीच होत नाही आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन बसावे लागते. म्हणून ज्यांनी चिंगीला पाहिले आहे अशा दोन-तीन जणांना आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी तुम्ही या. मृत्यूआधीच सुरू होणारा शोकही खराच असतो. नंतरही बरेच दिवस झोप लागत नसेल, अन्न जात नसेल किंवा जगणे नको वाटत असेल, तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

प्रश्नकर्तीचे पुढील टिपण

सर्वांची मी ऋणी आहे. सासूबाईंनी आणि मी वेगवेगळे गुण लिहिले, आणि त्यांचे गुण माझ्यापेक्षा कमी निघाले. त्यांनी स्वतःच यजमानांना फोन करून बोलावून घेतले. डॉक्टर रविवारी घरी आले. सर्व काही खानापूरच्या काकांनी लिहिले होते तसेच घडले, म्हणून डोळे उघडे राहिलेले पाहून मी घाबरले नाही. येळ्ळूरच्या शेतात आंब्याच्या वरच्या अंगाला तिला पुरले. मुलगा आला होता आणि त्याने स्वतः माती लोटली. आता तो नवीन पिल्लू कधी आणायचे असे विचारतो, आणि ते ऐकून मला त्याचा राग येतो व मग त्या रागाचेही वाईट वाटते. घरात न उघडलेल्या सलाइनच्या बाटल्या आणि औषधे उरली आहेत, त्यांचे काय करावे?

उत्तर (खानापूर)

ताई, पिल्लू मागणारा मुलगा चिंगीला विसरलेला नसतो. मुलांचा शोक असाच अधूनमधून येतो-जातो. चिंगीचा आजार पिल्लाला लागण्यासारखा नव्हता, तेव्हा त्या कारणासाठी थांबण्याची गरज नाही. पार्वोने कुत्रे गेलेल्या घरात मात्र विषाणू महिनोन् महिने टिकतो, म्हणून तिथे मोठा काळ जाऊ द्यावा लागतो. आपले मन तयार होईपर्यंत त्याला “आत्ता नाही” एवढेच सांगावे, तारीख देऊ नये. मुदतीत असलेल्या बंद बाटल्या डॉक्टरांकडे परत द्या, कारण सलाइनचा खर्च न झेपणारे लोक त्यांच्याकडे रोज येतात. उघडलेली औषधे मात्र कोणालाही देऊ नयेत. ती मोरीत न ओतता त्यांच्याकडेच सोपवावीत.