कर्वीच्या बायकांचे वृत्तपत्र नेमके कोणाचे?

रानवाटा

जुळारी यांनी परवा इथे देणगीवर चालणाऱ्या पत्रकारितेबद्दल जे लिहिले, ते वाचून दोन दिवस गप्प बसण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वाचकाने पैसे मोजून न घेतलेले पत्र हा संस्थेचा अहवाल असतो, त्याला वृत्तपत्र म्हणू नये. उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडातले ‘खबर लहरिया’ हे पत्र त्यांचे उदाहरण, कारण त्यांच्या मते तिथे चालवणाऱ्या बाया दिल्लीच्या आहेत आणि गावच्या बाया केवळ छायाचित्रापुरत्या आहेत. पहिल्या विधानावर वाद होऊ शकतो. दुसरे विधान मात्र त्या बायकांवर सरळ अन्याय करणारे आहे, म्हणून हे उत्तर.

हे पत्र २००२ च्या मे महिन्यात चित्रकूट जिल्ह्यातल्या कर्वी गावात सुरू झाले. त्याआधी बांदा भागात महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमात नव्याने लिहायला-वाचायला शिकलेल्या बायका ‘महिला डाकिया’ नावाचे पत्रक काढत असत. ते बंद पडले, पण वाचायची सवय लागलेल्या बायका तिथेच होत्या. दिल्लीच्या ‘निरंतर’ संस्थेने प्रशिक्षण दिले, पैसा उभा केला आणि बुंदेली बोलीत पत्र निघाले. ‘निरंतर’चा वाटा मी नाकारत नाही. परंतु बातमी शोधणे, ती लिहिणे, पाने लावणे आणि छापलेले अंक पिशवीत घालून गावोगाव नेऊन विकणे ही कामे दलित, कोल आदिवासी आणि मुस्लिम घरांतल्या बायका करत होत्या. कविता यांचे लग्न लहानपणीच झाले होते आणि त्यांचे शिक्षण नंतर झाले. त्या पुढे याच पत्राच्या मुख्य संपादक झाल्या आणि एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेच्या सदस्यही झाल्या. मीरा जाटव यांच्यासारख्या सुरुवातीपासूनच्या संपादक याच मातीतून आल्या. २००६ मध्ये बांद्याची आवृत्ती निघाली, २००९ मध्ये युनेस्कोचा साक्षरतेसाठीचा किंग सेजोंग पुरस्कार मिळाला, आणि पुढे छापील अंक थांबवून सगळे काम मोबाइलवरच्या चित्रफितींवर आले.

‘छायाचित्रापुरत्या’ या शब्दाला माझे उत्तर असे आहे. २०२२ मध्ये त्यांच्यावरचा ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. सगळे जग कौतुक करत असताना ‘खबर लहरिया’ने जाहीर निवेदन काढून सांगितले की चित्रपट प्रभावी असला तरी आम्ही जणू एकाच राजकीय पक्षाच्या बातम्या करतो असे चित्र त्यात उभे राहते आणि ते खरे नाही. नुसती शोभेला उभी केलेली माणसे ऐन कौतुकाच्या दिवशी असा विरोध नोंदवत नाहीत.

जुळारी

आपण तळमळीने लिहिले आहे हे मान्य, पण माझ्या प्रश्नाला बगल दिली आहे. जे निवेदन जगभर वाचले गेले ते इंग्रजीत होते. ते कोणी लिहिले, हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. मी चाळीस वर्षे छापखान्यात काढली, सुरुवातीला हाताने खिळे जुळवले आणि नंतर संगणकावर पाने लावली. पान कोण लावतो आणि पानावर काय जायचे हे कोण ठरवतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कोणी शिकवू नये. देणगीदार पैसे देतो ते ‘महिला सक्षमीकरण’ किंवा ‘स्वच्छता’ अशा मथळ्याखाली देतो. मग शौचालयाच्या बातम्या वाढतात आणि गावच्या कुस्त्यांची बातमी राहून जाते. वाचक पैसे देतो तेव्हा तो अशी कोणतीही अट घालत नाही. माझा आक्षेप त्या बायकांवर नाही, व्यवस्थेवर आहे.

एसटी स्टँड

जुळारी, वाचक अट घालत नाही हे खरे. पण तुमच्या त्या वाचकाच्या पैशावर चालणाऱ्या दैनिकात मी अकरा वर्षे तालुका वार्ताहर होतो, तेव्हा अटी कोण घालतो हे माझ्याकडून ऐका. दैनिकाचे नाव घेत नाही, कारण नाव बदलले तरी गोष्ट तीच राहते. मला नेमणूकपत्र नव्हते. ओळखपत्र होते, आणि तेही दरवर्षी अनामत भरून. मानधन इतके होते की महिन्याचा पेट्रोलचा खर्च त्यात भागत नसे. खरे उत्पन्न जाहिरातीवरच्या कमिशनचे. वर्धापनदिनाच्या पुरवणीचे उद्दिष्ट प्रत्येक तालुक्याला वाटून दिले जाई आणि ते पूर्ण झाले नाही तर बातम्या आपोआप छोट्या होत जात. कारखान्याच्या अध्यक्षांचा वाढदिवस, पतसंस्थेची वार्षिक सभा, सरपंचाची निवड, यांतून जाहिरात आणायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांची बातमी लिहायची.

आमच्या तालुक्यात एका खडी क्रशरच्या धुळीने शेजारची द्राक्षबाग गेली. मी तलाठ्याचा पंचनामा मिळवला, शेतकऱ्याचे म्हणणे घेतले, फोटो काढले. बातमी पाठवली त्या संध्याकाळी जिल्हा कार्यालयातून फोन आला की क्रशरवाल्याची अर्ध्या पानाची जाहिरात येणार आहे, तूर्त थांबा. ‘तूर्त’ या शब्दाला आता नऊ वर्षे झाली. त्यामुळे देणगीदाराच्या मथळ्याची तुम्ही जी भीती दाखवता, ती मला फार मोठी वाटत नाही.

जुळारी

एका वाईट कार्यालयावरून सगळ्या व्यवसायाला दोषी ठरवणे मला मान्य नाही. मी ज्या माणसांबरोबर काम केले त्यांनी जाहिराती परत पाठवलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तुम्हाला कमिशन नको होते तर तुम्ही ते काम अकरा वर्षे का केले?

एसटी स्टँड

कारण मला बातमी लिहायची होती आणि तालुक्यात दुसरे दार नव्हते. हा प्रश्न तुम्ही मला विचारलात याचे मला वाईट वाटले. पगार घेणाऱ्या माणसाने बिनपगारी माणसाला नीतिमत्ता विचारू नये.

आणि हे एका कार्यालयापुरते नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात उमेदवारांच्या कौतुकाचे तेच ते लेख वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून छापून आले होते. पैसे घेऊन बातम्या छापण्याच्या त्या ‘पॅकेज’ प्रकारानंतर प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने नावे घेऊन लिहिलेला मूळ अहवाल कौन्सिलने बाजूला ठेवला आणि तो लोकांसमोर यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. तो अहवाल कोणत्याही देणगीवरच्या संस्थेबद्दल नव्हता.

कृष्णाकाठ

मी एका जिल्हा दैनिकाच्या जाहिरात विभागात होतो, त्यामुळे दोघांचेही थोडे चुकते आहे असे सांगावेसे वाटते. तालुका वार्ताहरांवर उद्दिष्टे लादणे चूक होते आणि ती लादणाऱ्यांत मीही होतो. मात्र जुळारी, वाचक पैसे देतो हे वाक्य आपण जितक्या विश्वासाने लिहिता तितके ते खरे नाही. अंकाच्या किमतीतून विक्रेत्याचे कमिशन वजा केले की उरलेल्या पैशात कागदही येत नाही, आणि वाचक महिन्याअखेरीस तेच अंक रद्दीत घालून त्यातले काही पैसे परत मिळवतो. उरलेले सगळे जाहिरातदार भरतो, आणि जिल्हा पातळीवर सर्वांत मोठा जाहिरातदार बहुधा सरकार असते. तेव्हा आपण ज्याला स्वतःच्या पायावर उभे म्हणता, त्याचे पाय कुठे टेकले आहेत हेही पाहावे.

जुळारी

म्हणजे आता जाहिरात विभागाने मला वृत्तपत्र शिकवायचे! कागदाचा हिशेब मला माहीत आहे. तरीही शंभर छोटे जाहिरातदार आणि एक मोठा देणगीदार यांत फरक आहे. शंभरांतला एक रुसला तर नव्व्याण्णव राहतात. देणगीदार रुसला की दिवा विझतो. आणि सरकारला तर रुसण्याचीही गरज नाही, नोंदणी काढून घेतली की पुरे. २०२५ च्या जानेवारीत ‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेची ना-नफा म्हणून असलेली करविषयक मान्यता रद्द झाली, हे त्यांनीच जाहीर केले. अशा पायावर उभ्या घरात मी माझ्या मुलाला नोकरीला पाठवणार नाही.

सावली

जुळारी यांचा सूर मला आवडलेला नाही, पण दिवा विझण्याबद्दल ते जे म्हणतात ते मी अनुभवले आहे. मराठवाड्यात एका संस्थेच्या माहिती केंद्रात मी किशोरवयीन मुलींचे भित्तिपत्रक चालवत असे. मुली रेशन दुकानाची वेळ, शाळेतली गळती, बसची अनियमितता असे लिहीत आणि सरपंच ते वाचायला थांबत असत. तीन वर्षांचा प्रकल्प होता. तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये तो संपला आणि एप्रिलमध्ये केंद्राला कुलूप लागले. एका मुलीने मला विचारले की ताई, पुढच्या महिन्याचे लिहून ठेवले आहे ते कुठे लावू? माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून रानवाटा, चालवणाऱ्यांची निष्ठा कितीही खरी असली तरी त्यांच्या पायाखालची जमीन दुसऱ्याची असते, हे मान्य करायलाच हवे.

केनकाठ

बँकेच्या नोकरीत मी तीन वर्षे बांद्यात होतो, म्हणून लिहितो. कर्वीला गेलो होतो ते प्रथम अमृतराव पेशव्यांचे पुत्र विनायकराव यांनी बांधलेली गणेशबाग पाहायला. तिथून परतताना बसमध्ये एक बाई हे पत्र विकत होत्या. मी एक अंक घेतला. हिंदी मला उत्तम येते, तरी त्यातली बुंदेली वाचायला मला वेळ लागला. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने मात्र तो अंक माझ्या हातातून घेऊन मोठ्याने वाचला आणि चार माणसे ऐकत बसली. हातपंप, पाणी, रोजगार हमीची थकलेली मजुरी, असे विषय होते. दुसऱ्या दिवशी माझ्या शाखेतल्या शिपायाने सांगितले की या बाया आमच्या साहेबांनाही प्रश्न विचारायला येतात आणि साहेब मागच्या दाराने जातात. तो भाग डाकूंच्या आणि खाणवाल्यांच्या भीतीखाली जगत आला आहे. ददुआ २००७ मध्ये मारला गेला, तोपर्यंत त्याचे नाव लोक हळू आवाजात घेत. तिथे हातात वही घेऊन एकटी फिरणारी बाई कोणाच्या छायाचित्रासाठी फिरत असेल, असे जुळारी यांना वाटते?

रानवाटा

केनकाठ, तुमचे आभार. त्या भीतीचे एक उदाहरण नोंदवते. २०१५ मध्ये एक माणूस या बातमीदारांना महिनोन्महिने फोन करून अश्लील बोलत आणि धमक्या देत होता. पोलिसांकडे खेटे घालूनही दाद मिळाली नाही. अखेर त्यांनी स्वतःचीच कहाणी लिहून प्रसिद्ध केली, तेव्हा चक्रे हलली आणि तो पकडला गेला.

सावलीताई, तुमच्या केंद्रातल्या त्या मुलीचा प्रश्न वाचून मला उत्तर सुचले नाही आणि मी ते सुचल्याचा आवही आणणार नाही. जुळारी यांना मात्र एवढेच विचारते: ‘मूकनायक’ला तुम्ही काय म्हणाल? ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ते सुरू केले, ते शाहू महाराजांनी दिलेल्या २,५०० रुपयांच्या मदतीवर. ती देणगीच होती. त्या काळी वाचकांच्या पैशावर भक्कम उभ्या असलेल्या ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही छापली नाही. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांचे पत्र विक्रीवर उभे राहीपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर ते कधी निघालेच नसते. मग महाराजांच्या देणगीमुळे ‘मूकनायक’ हा दरबाराचा अहवाल ठरतो का?

जुळारी

हे उदाहरण तुम्ही काढणार हे मला माहीत होते. त्या पत्राला अहवाल म्हणण्याचे पाप माझ्या हातून होणार नाही. परंतु तुमचेच उदाहरण पुरते वाचा. पुरेसा आधार नसल्याने ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडले. १९२७ मध्ये निघालेले ‘बहिष्कृत भारत’ही १९२९ मध्ये थांबले. त्या काळात बाबासाहेबांना रकानेच्या रकाने एकट्याने भरावे लागत. म्हणजे ज्या माणसांसाठी पत्र निघते त्यांच्याकडून पैसा येत नसेल तर चालवणाऱ्याचे रक्त आटते, हेच माझे म्हणणे त्यातून सिद्ध होते.

रानवाटा

चालवणाऱ्याचे रक्त आटते हे सिद्ध होते. चालवणारा शोभेचा असतो हे सिद्ध होत नाही. तुम्ही लिहिले होते ते दुसरे.

जुळारी

ठीक आहे. ‘छायाचित्रापुरत्या’ हा शब्द मी मागे घेतो. केनकाठ यांनी बसमधली गोष्ट सांगितली नसती तर घेतला नसता, हेही नोंदवून ठेवा. चार माणसांनी ऐकलेला अंक मी माझ्या हाताने जुळवलेल्या कित्येक अंकांच्या नशिबी आला नाही. पैशाबद्दलचे माझे मत कायम आहे आणि सावली यांनी जे सांगितले त्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

एसटी स्टँड, अकरा वर्षांबद्दल मी जो प्रश्न विचारला तो विचारायला नको होता. तुमची ती क्रशरची बातमी अजून आहे का?

एसटी स्टँड

आहे. पंचनाम्याची प्रत आणि फोटोही आहेत. त्या शेतकऱ्याने बाग काढून आता ज्वारी लावली आहे, क्रशर चालू आहे. तुम्ही शुद्धलेखन तपासून देणार असाल तर आज रात्री टंकून पाठवतो. छापणार कोण, हे मात्र आपल्यापैकी कोणी सांगितलेले नाही.