मदत हवी आहे: पतसंस्थेतील निरनिराळ्या कामांच्या माणसांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण कसे आखावे?

नमस्कार. ठाणे आणि नवी मुंबईत शाखा असलेल्या एका नागरी सहकारी पतसंस्थेत मी प्रशिक्षणाचे काम पाहते. आमच्या ऑनलाइन प्रशिक्षणाची नव्याने आखणी करायची आहे. अध्यापन, सॉफ्टवेअर किंवा सुगम्यता (म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता येईल अशी रचना) यांपैकी कोणत्याही क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मार्गदर्शन मिळाले तर फार मदत होईल. अडचण नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय सल्ला देणे कठीण जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाहेरच्या एका कंपनीकडून करून घेतलेला अभ्यासक्रम सध्या वापरात आहे. पाऊण पाऊण तासाचे सलग व्हिडिओ, प्रत्येकानंतर वस्तुनिष्ठ प्रश्नांची चाचणी आणि शेवटी प्रमाणपत्र, असे त्याचे स्वरूप आहे. कागदोपत्री सगळे व्यवस्थित आहे, कारण बहुतेकांनी तो पूर्ण केलेला आहे. मात्र ज्या विषयांत चाचणीत पूर्ण गुण मिळतात, त्याच विषयांतल्या चुका काउंटरवर पुन्हा होतात. एक उदाहरण देते. मुदत ठेवीसाठी वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम पतसंस्थेला रोखीने स्वीकारता येत नाही, ती 'अकाउंट पेयी' रेखांकित धनादेशाने किंवा बँक खात्यातूनच यावी लागते, आणि नियम मोडला तर आयकर कायद्यानुसार त्या रकमेइतका दंड होऊ शकतो. हे सर्वांना तोंडपाठ आहे. तरीही पंचवीस हजारांची रोकड घेऊन जुना ठेवीदार समोर बसला आणि "दोन पावत्या करा की, साडेबारा-साडेबाराच्या" असे म्हणाला, तर रोखपाल अडखळतो. एकत्रित रक्कमही मोजली जाते हे त्याने व्हिडिओत ऐकलेले असते. ओळखीच्या माणसाला नाही कसे म्हणायचे, हे मात्र त्याला कोणीही शिकवलेले नसते.

दुसरी अडचण शिकणाऱ्यांची आहे. आमचे दैनिक ठेव प्रतिनिधी, म्हणजे सर्वजण ज्यांना पिग्मी एजंट म्हणतात ते, जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या घाऊक बाजारात गाळ्यागाळ्यांतून फिरत असतात. एका हातात पावतीचे मशीन आणि दुसऱ्या हातात मोबाइल, आजूबाजूला हमालांची आणि गाड्यांची गडबड, आणि दोन दुकानांच्या मध्ये मिळणारी दोन-तीन मिनिटे, एवढाच त्यांचा अभ्यासाचा वेळ असतो. आवाज ऐकू येत नाही आणि व्हिडिओखाली मजकूर नाही. त्यातून हे लोक कमिशनवर काम करतात. प्रशिक्षणाला दिलेला तास त्यांच्या उत्पन्नातून जातो, त्यामुळे त्यांच्या कंटाळ्याला आळस म्हणणे मला पटत नाही.

शाखेतले जुने लिपिक आणि रोखपाल यांचे दुखणे उलटे आहे. ज्यांनी हजारो ठेव पावत्या हाताने लिहिल्या आहेत, त्यांना "ठेव म्हणजे काय" इथपासून ऐकावे लागते. साहजिकच ते व्हिडिओ बाजूला चालू ठेवून समोरचे काम उरकतात आणि शेवटी चाचणी देऊन मोकळे होतात. संचालक मंडळातील ज्येष्ठांना छोट्या पडद्यावरची अक्षरे दिसत नाहीत. आपले गुण कर्मचाऱ्यांना कळतील या संकोचाने काही जण चाचणी उघडतच नाहीत. आमचे एक सहकारी पूर्ण अंध असून ते फोनवरील चौकशी विभाग सांभाळतात. ते टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे मोबाइलमधील वाचक सॉफ्टवेअर, लावून अभ्यासक्रम उघडतात, तेव्हा बऱ्याच ठिकाणी "लेबल नसलेले बटण" एवढेच ऐकू येते. सोबत जोडलेली जुनी परिपत्रके युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांच्या जागी आत रोमन अक्षरेच साठवलेली असल्यामुळे वाचक सॉफ्टवेअर त्यातून अर्थहीन आवाज काढते.

त्या कंपनीने आता असा प्रस्ताव दिला आहे की कर्मचाऱ्यांची "पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, करून शिकणारे" अशी विभागणी करावी, प्रत्येक गटाला वेगळी सामग्री द्यावी, आणि उत्साह वाढावा म्हणून गुणांचा फलक व पदके ठेवावीत. यातले काहीच मला मनापासून पटलेले नाही, परंतु व्यवस्थापनासमोर ठेवायला माझ्याजवळ आधार हवा.

म्हणून विचारते, की माणसांचे गट पाडायचेच असतील तर ते कशाच्या आधारावर पाडावेत? पदानुसार चार अभ्यासक्रम केले तर एक नियम बदलला की चार ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल, आणि हे काम पाहणारी मी एकटीच आहे. अंध सहकाऱ्यासाठी वेगळी आवृत्ती करणे योग्य ठरेल का? आणि फलक-पदकांशिवाय माणसांचे लक्ष टिकते का? आमच्याकडे मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली आधीपासून चालू आहे आणि नवे काही विकत घेण्याची तयारी नाही.

प्रतिसाद: पारसिककर

मी महाप्याच्या एका कंपनीत प्रशिक्षणाची सामग्री तयार करतो. आपण अडचण इतक्या बारकाईने मांडली आहे की अर्धे उत्तर आपल्याच लिखाणात आले आहे. रोखपाल कुठे अडखळतो हे आपल्याला माहीत आहे, तेव्हा अभ्यासक्रम तिथूनच सुरू करा.

आधी त्या प्रस्तावाबद्दल. पाहून शिकणारे आणि ऐकून शिकणारे ही विभागणी लोकप्रिय असली तरी तिला पुराव्याचा आधार नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला. ज्याला जी पद्धत आवडते तिने शिकवल्यास तो अधिक शिकतो, हे सिद्ध करणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. आवडनिवड असते, पण तिच्यावर खर्च करून तीन प्रकारची सामग्री बनवण्यात अर्थ नाही. हे व्यवस्थापनाला निःसंकोच सांगा.

माणसांत खरा फरक पडतो तो पूर्वज्ञानाने. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेल्या आकलनभाराच्या (शिकताना मनावर पडणाऱ्या ताणाच्या) सिद्धांतातून पुढे असे दिसून आले की नवख्याला जी पायरीपायरीची समजावणी आवश्यक असते, तीच जाणकाराला अडथळा ठरते, कारण माहीत असलेली गोष्ट पुन्हा उलगडण्यात त्याचे लक्ष खर्च होते. आपले जुने लिपिक व्हिडिओ बाजूला ठेवतात, ते स्वाभाविक आहे. प्रत्येक घटकाच्या आधी दोन-तीन प्रसंग ठेवा. ते जमले तर समजावणी वगळण्याची मुभा द्या, नाही जमले तर समजावणी उघडू द्या. मूडलमध्ये प्रवेशाच्या अटी घालून हे करता येते.

पदांबद्दल माझे मत असे आहे की नियम एकच ठेवावा आणि त्याभोवतीचे निर्णय वेगळे करावेत. आपलेच उदाहरण घ्या. गाळ्यावर दुकानदार एजंटाला म्हणतो, "हे पंचवीस हजार घेऊन जा, ठेव करून टाका." काउंटरवर ठेवीदार दोन पावत्या मागतो. शाखाधिकाऱ्याला दिवसअखेर एकाच नावाच्या लागोपाठच्या दोन पावत्या दिसतात. संचालकाच्या पुढ्यात लेखापरीक्षकाचा शेरा येतो. या चौघांनाही नियमाचा तोच मजकूर लागतो, पण प्रत्येकाने त्या क्षणी काय बोलायचे आणि काय करायचे हे वेगळे आहे. नियमाचे पान एकाच ठिकाणी ठेवा आणि चारही प्रसंगांतून त्याकडे दुवा द्या, म्हणजे परिपत्रक बदलले तरी दुरुस्ती मुख्यतः त्या एका पानावर करावी लागेल. प्रसंगांमध्ये रकमा शक्य तितक्या कमी लिहा, त्या नियमाच्या पानावरच राहू द्या. प्रसंगासाठी एचफाइव्हपी हे परस्परसंवादी प्रश्न बनवण्याचे साधन पुरेसे आहे आणि ते मूडलमध्येच चालते.

चुकीचा पर्याय निवडल्यावर "चूक" असा लाल शिक्का मारू नका. पुढे काय घडते ते दाखवा. रोखपालाने दोन पावत्या केल्या, ठेवीदार खूश होऊन गेला, आणि लेखापरीक्षणात दोन्ही पावत्या एकत्र मोजल्या गेल्या. "नाही" कसे म्हणायचे याची दोन-तीन चांगली वाक्येही तिथेच द्या, उदाहरणार्थ "काका, तुमच्याच नावावर उद्या प्रश्न यायला नको, समोरच्या बँकेतून वळते करून घेऊ, फॉर्म मी भरून देतो". जुन्या रोखपालांना अशी वाक्ये विचारा. त्यांच्याकडे ती भरपूर असतात, आणि आपले वाक्य अभ्यासक्रमात आले की माणूस तो अभ्यासक्रम आपला मानतो. पदकांपेक्षा याचा उपयोग अधिक होतो असा माझा अनुभव आहे.

लांबीविषयी एक गोष्ट. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील सुमारे ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असला तरी सलग पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. तेही स्वतःहून नाव नोंदवलेले विद्यार्थी होते. बाजारात उभ्या असलेल्या एजंटासाठी मी व्हिडिओ ठेवणारच नाही. एक प्रसंग, तीन पर्याय, दोन ओळींचे स्पष्टीकरण, असे मोबाइलवर उभ्या उभ्या वाचता येईल इतकेच द्या. मूडलच्या अ‍ॅपमध्ये घटक आधी उतरवून ठेवता येतात, त्यामुळे बाजारात रेंज नसली तरी अडत नाही.

चाचणी मात्र काढू नका, तिची जागा बदला. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होते, तर स्वतःहून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होते. आपली चाचणी व्हिडिओ संपताच होते, म्हणजे पूर्ण गुण मिळणारच. तोच प्रसंग नावे आणि परिस्थिती बदलून आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा पाठवा.

प्रतिसाद: खाडीपूल

मी स्वतः अंध असून बेलापूरच्या एका कार्यालयात काम करतो. अंध सहकाऱ्याबद्दलच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो. कृपा करून वेगळी आवृत्ती करू नका. वेगळी आवृत्ती पहिल्या वर्षी नीट असते, पुढे मूळ अभ्यासक्रम बदलत राहतो, ती मागे पडते, आणि आम्ही जुना नियम शिकत बसतो.

मूळ अभ्यासक्रमच नीट करता येतो. प्रत्येक बटणाला नाव द्या. शीर्षकांना केवळ ठळक अक्षर न करता शीर्षकाची शैली द्या, म्हणजे आम्हाला एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. व्याजदराचा तक्ता चित्र म्हणून चिकटवू नका. पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली असावी, नाहीतर वाचक सॉफ्टवेअर मराठी मजकूर दुसऱ्याच भाषेच्या आवाजात वाचू पाहते. ओढून-सोडून जोड्या लावण्याचे प्रश्न टाळा. वेब सुगम्यतेच्या निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तिच्यात ओढण्याच्या कृतीला दुसरा पर्याय हवा असे सांगितले आहे. जोड्या लावायच्याच असतील तर यादीतून निवडायला द्या. चाचणीला घड्याळ लावत असाल तर वेळ वाढवून घेण्याची सोय हवी, कारण कानाने चार पर्याय ऐकून पुन्हा मागे जायला वेळ लागतो.

यातले बरेचसे आपल्या ज्येष्ठ संचालकांनाही उपयोगी पडेल. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील तफावत किमान ४.५ ला १ असावी असा निकष आहे. तो पाळला आणि मजकूर चित्रात न ठेवता मजकूर म्हणूनच ठेवला, तर त्यांना हवी तेवढी अक्षरे मोठी करता येतील.

धागाकर्ती:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एकाच नियमाभोवती चार निर्णय ही मांडणी मला फार मोलाची वाटते, कारण पदानुसार अभ्यासक्रम तोडण्याची वेळच तिच्यामुळे येत नाही. पुढच्या बैठकीत मी याच आधारावर बोलणार आहे.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. घटकाच्या सुरुवातीला प्रश्न ठेवले तर आमचे जुने लिपिक ते आवडीने सोडवतील, पण संचालकांना ती परीक्षाच वाटेल. त्यांच्यासाठी सुरुवातीचा प्रसंग गुणांशिवाय ठेवून त्यांची उत्तरे अहवालात दिसणार नाहीत अशी व्यवस्था करायचा विचार आहे, आणि ती गोष्ट पहिल्याच पानावर स्पष्ट शब्दांत लिहीन. प्रतिनिधींच्या बाबतीत, बाजारातल्या त्या दोन-तीन मिनिटांना बसेल एवढाच प्रसंग ठेवते. शिवाय प्रशिक्षणाच्या वेळेचा काही मोबदला त्यांना मिळावा असा प्रस्तावही मांडणार आहे, कारण तो मिळेपर्यंत त्यांच्याकडून उत्साहाची अपेक्षा करणे मला रास्त वाटत नाही.

जुनी परिपत्रके युनिकोडमध्ये आणण्याचे काम मोठे आहे. सगळी एकदम न घेता, ज्या नियमांचे प्रसंग तयार होतील तेवढीच आधी हाती घेते. रूपांतरकाने बदललेल्या मजकुरात जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, त्यामुळे प्रत्येक पान मूळ प्रतीशी ताडून वाचावे लागेल.

खाडीपूल, आपल्याला एक विनंती आहे. रोख ठेवीचा पहिला घटक तयार झाला की आमचे सहकारी तो तपासतीलच, पण ते याच संस्थेत असल्यामुळे मजकूर त्यांना आधीपासून ठाऊक आहे. विषय अपरिचित असणाऱ्या व्यक्तीने टॉकबॅकवर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहिला, तर नेमके कुठे अडते ते कळेल. आपल्याला सवड असल्यास मी दुवा व्यक्तिगत संदेशाने पाठवीन, किंवा बेलापूरला येऊन सोबत बसेन. वाचक सॉफ्टवेअर मराठीतून वापरणारे आणखी कोणी असतील तर त्यांनीही अवश्य कळवावे.