गाडीच्या नंबरावरून मालकाचे नाव-पत्ता कोणालाही मिळावा का?

पेठकर: गेल्या रविवारी रंकाळ्याच्या कडेला लावलेल्या माझ्या मोपेडला एका मोटारीने मागे घेताना धडक दिली आणि चालक न थांबता निघून गेला. भेळवाल्याने पुड्याच्या कागदावर नंबर टिपून ठेवला होता म्हणून तो हाती लागला. एमएच ०९ म्हणजे नोंदणी कोल्हापूरचीच. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचे मॉडेल, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत दिसते, मालकाच्या नावाच्या जागी मात्र चार अक्षरे आणि बाकी फुल्या. एका एजंटाने पाचशे रुपयांत पूर्ण नाव-पत्ता काढून देतो असे सांगितले आहे. नंबरपाटी सर्वांना दिसावी म्हणूनच लावतात, तर तिच्यामागचे नाव झाकण्यात काय अर्थ आहे?

बावडेकर: एजंटाच्या वाटेला जाऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६० नुसार, अपघाताची भरपाई मागू इच्छिणाऱ्याने अर्ज करून ठरलेले शुल्क भरल्यास, नोंदणी प्राधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी यांनी त्या वाहनाचा तपशील देणे बंधनकारक आहे. आधी पोलिसांत तक्रार नोंदवा. गाडी त्या वेळी कोण चालवत होते हे मालकाला विचारण्याचा अधिकारही त्यांना कलम १३३ ने दिलेला आहे, आणि तुम्हाला खरे तर तेच हवे आहे. कागदावरचा मालक त्या दिवशी घरी झोपलेलाही असू शकतो.

शाहूपुरीची रहिवासी: फुल्या कशासाठी, हे मला विचारा. दोन वर्षांपूर्वी महाद्वार रोडवर स्कूटर लावण्यावरून एका अनोळखी माणसाशी वाद झाला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्या दारात उभा होता. त्याच्या हातातल्या कागदावर माझे नाव, वडिलांचे नाव आणि मजल्यासकट पत्ता छापलेला होता. तो काही बोलला नाही, नुसता कागद दाखवून निघून गेला. त्यानंतर महिनाभर भाऊ मला सोडायला-आणायला येत होता. २०१९ मध्ये केंद्राने हीच वाहन-नोंदणीची माहिती कंपन्यांना वर्षाला तीन कोटी रुपयांना घाऊक विकण्याचे धोरण आणले होते. ते २०२० मध्ये मागे घेतले गेले हे बरेच झाले, पण पाचशे रुपयांची किरकोळ विक्री काही थांबलेली दिसत नाही.

जुना बाजार: सेकंडहँड गाडी घेणाऱ्यालाही नाव लागत नाही. कर्जाचा बोजा, फिटनेस, विमा आणि थकलेली चलने एवढे पाहिले की पुरे. आरसी बुक तर विकणाऱ्याकडूनच बघायचे असते.

पेठकर: ताईंचे वाचून एजंटाला नकार कळवला. आज ठाण्यात तक्रार दिली, भेळवाल्यांनी साक्षीला यायचे कबूल केले आहे आणि पुड्याचा तो तेलकट कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आहे. कलम १६० चा अर्ज साध्या कागदावर चालतो की ठरावीक नमुना लागतो, तेवढे बावडेकरांनी सांगावे.