क्ष-किरण दुर्बिणीत वायूचा डिटेक्टर अजूनही का वापरतात?

प्रश्न (एम.एस्सी. विद्यार्थिनी, इंदूर):
नमस्कार. प्रयोगशाळेत आर्गॉन-मिथेन भरलेल्या प्रपोर्शनल काउंटरवर (क्ष-किरणाने वायूत सुटे केलेले इलेक्ट्रॉन तारेजवळ वाढवून त्याची ऊर्जा मोजणारे उपकरण) मी लोह-५५ या किरणोत्सारी स्रोताचा वर्णपट घेतला. ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे शिखर इतके पसरट आले, की चूक झाली असे समजून प्रयोग तीनदा केला. सीसीडी (कॅमेऱ्यातल्यासारखी सिलिकॉनची पिक्सेल-चकती) हीच ऊर्जा सुमारे दोन टक्क्यांच्या अचूकतेने मोजते. मग १९९० च्या रोसॅट आणि २०२१ च्या आयएक्सपीई या क्ष-किरण दुर्बिणींच्या उपग्रहांमध्येही प्रतिमेसाठी वायूच का निवडला असावा?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, इंदूर):
तुमचा प्रयोग बहुधा बरोबरच आहे. आर्गॉनमध्ये एक इलेक्ट्रॉन सुटा होण्यास सरासरी २६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, सिलिकॉनमध्ये ३.६५, म्हणजे तुमच्या फोटॉनमागे जेमतेम सव्वादोनशे इलेक्ट्रॉन मिळतात, त्यांची संख्या दर वेळी थोडी बदलते, आणि तारेजवळ त्यांचा गुणाकार होताना आणखी चढउतार मिसळतात; म्हणून शिखर पसरते. वर्णपटात २.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास छोटे शिखर आहे का, ते पाहावे. आर्गॉनचा स्वतःचा क्ष-किरण निसटून गेल्याची ती खूण आहे.

रोसॅटच्या वेळी क्ष-किरणांसाठीचा सीसीडी अजून कक्षेत गेलेला नव्हता. १९९३ मध्ये तो आस्का या जपानी उपग्रहावर गेला. रोसॅटच्या काउंटरमध्ये आर्गॉन, झेनॉन आणि मिथेन यांचे मिश्रण होते, आणि आडव्या-उभ्या कॅथोड तारांवर उमटलेल्या विद्युतभारावरून प्रत्येक फोटॉनची जागा काढली जाई. मात्र खिडकीचा पातळ पडदा वायू पूर्णपणे अडवू शकत नसल्याने जादा वायू सोबत नेऊन सतत भरावा लागे.

उत्तर (संशोधक विद्यार्थी):
आयएक्सपीईचे कारण वेगळे आहे, आणि मला तेच सर्वांत सुंदर वाटते. फोटॉनने उडवलेला इलेक्ट्रॉन प्रामुख्याने किरणाच्या विद्युतक्षेत्राच्या दिशेने निघतो, त्यामुळे त्याची वाट दिसली तर किरणांचे ध्रुवीकरण, म्हणजे ते क्षेत्र कोणत्या दिशेने डोलते, ते कळते. सिलिकॉनमध्ये ही वाट एका पिक्सेलच्या आतच संपते. आयएक्सपीईतील डायमिथिल ईथरच्या विरळ वायूत मात्र ती अनेक पिक्सेलांवर उमटते.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, इंदूर):
अगदी योग्य. फक्त अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील लॅक्सपीसी हा वायूचा काउंटर यात धरू नये. त्यात झेनॉन असला तरी तो प्रतिमा घेत नाही. त्याच उपग्रहावरील स्कॅनिंग स्काय मॉनिटर मात्र छिद्रांच्या मुखवट्याची सावली वायूच्या काउंटरवर टिपून स्रोताची जागा शोधतो.

विद्यार्थिनी:
सर, २.९ जवळ शिखर आहे. मी ते गोंगाट समजून वगळले होते. आता अहवालात आलेखासह घालते.