माकडाने बाटली फोडली, तर तो अवजाराचा वापर ठरतो का?

बोरिवलीकर:
गेल्या रविवारी कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवर एका माकडाने आमच्या पिशवीतली पाण्याची बाटली पळवली. झाकणाशी थोडी खटपट करून पाहिल्यावर त्याने सरळ बुडाला सुळे रोवले आणि भोकाला तोंड लावून निवांत पाणी प्यायले. मित्र याला अवजाराचा वापर म्हणतात. मला ते पटत नाही. माणसाने बदललेल्या परिसरात माकडे खरोखर अवजारे वापरतात, अशी नोंद आहे का?

कालवंवाला:
आपली शंका रास्त आहे. सुटी वस्तू हाती धरून तिने दुसऱ्या वस्तूवर काम करणे, हा अवजाराचा ढोबळ अर्थ; बाटलीवर मात्र दातच चालले. थायलंडच्या अंदमान किनाऱ्यावरची लांब शेपटीची माकडे ओहोटीच्या वेळी खडकांवरची कालवं दगडाने फोडतात (आपल्या कोळणींनाही त्यांचा हात ओळखीचा वाटावा). त्याच भागातील याओ नोई बेटावर, मालकांनी सोडून दिलेल्या तेलताडाच्या बागेत, ही माकडे बी एका दगडावर ठेवून वरून दुसरा दगड घालताना आढळली. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेलताड मूळचा पश्चिम आफ्रिकेचा, तिकडे तो माणसानेच नेला. म्हणजे दगड चालवण्याचे कसब त्या माकडांकडे होतेच, भक्ष्य तेवढे नवे.

दगडधोंडे:
याच बागेची एक गंमत. नेम चुकला की दगडावर दगड आदळून धारदार कपच्या उडतात. २०२३ साली अशा हजारांवर तुकड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतील अनेक कपच्या आदिमानवाने मुद्दाम पाडल्या असे मानल्या गेलेल्या कपच्यांशी जुळल्या. माकडे मात्र त्यांना हातही लावत नाहीत.

बोरिवलीकर:
पण हे झाले बागेतले. भर वस्तीतले काही?

कालवंवाला:
थायलंडमधल्याच लोपबुरी शहरात देवळाजवळची माकडे माणसांचे केस दोन्ही हातांत ताणून दातांच्या फटी साफ करतात. पिल्लू पाहत असेल, तर आई तीच क्रिया अधिक वेळा आणि अधिक रेंगाळत करते, असे २००९ च्या अभ्यासात दिसले. कान्हेरीत मात्र केळी-वेफर्स आयते मिळत असताना दगड उचलण्याची गरज कोणाला पडणार, असे माझे मत.

बोरिवलीकर:
पटले. बाटली मी जपून ठेवली आहे. बुडाला भोके आहेत, झाकण अजून घट्ट आहे.