रहस्य शेवटपर्यंत लपवलं, तरी लोक मधेच मोबाइल काढतात. काय चुकतंय?

वारणाकाठची
नमस्कार. मी आणि चार मैत्रिणींनी मिळून २१ मिनिटांची शॉर्टफिल्म केली आहे. गावातल्या पिठाच्या गिरणीत रात्री सावकाराचा खून होतो. झटापटीत त्याचा मोबाइल कुणाच्या तरी दळणाच्या डब्यात पडतो. सकाळी गिऱ्हाइकं येतात, मागोमाग पोलीस येतात. खून कोणी केला आणि मोबाइल कुठे आहे, या दोन्ही गोष्टी मी शेवटच्या मिनिटापर्यंत दडवून ठेवल्या.

गावातल्या हॉलमध्ये ४० जणांना दाखवली. मी मागे उभी होते. नवव्या मिनिटाला पहिला मोबाइल उजळला आणि बाराव्यापर्यंत सात झाले. शेवट आला तेव्हा लोक "अच्छा" म्हणाले आणि चपला शोधायला लागले. रात्रभर झोप नाही लागली.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याचं टेबलाखालच्या बॉम्बचं म्हणणं मी वाचलंय: बॉम्ब अचानक फुटला तर १५ सेकंदांचा धक्का, आधी दाखवला तर १५ मिनिटांचा ताण. पटतं. पण सगळं आधीच सांगितलं तर शेवटाला उरतं काय? आणि असा सिनेमा लोकांपर्यंत पोचवायचा कसा?

कानोसा
मी पुण्यात साउंडचं काम करतो, त्यामुळे कानाच्या बाजूने सांगतो. 'अंधाधुन' (२०१८) पुन्हा बघ. श्रीराम राघवन यांनी तो पुण्यातच घडवलाय. पियानोवाला आंधळा नाही हे आपल्याला माहीत असतं. घरात प्रेत पडलंय आणि त्याने ते पाहिलंय, हेही माहीत असतं. खुनी दोघं खाणाखुणांनी बोलत आवराआवर करतात आणि हा वाजवत राहतो. तिथे संगीत गोड आहे, भीतीचं नाही. एक सूर चुकला तर त्याला दिसतं हे कळेल, म्हणून आपण त्याची बोटं बघत बसतो. हा सिनेमा २०१९ मध्ये चीनमध्ये लागला आणि तिथे ३०० कोटींच्या वर कमाई झाली. त्या प्रसंगाला भाषा लागतच नाही, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

तुझ्याकडे तर गिरणी आहे! ती चालू असताना कान बधिर होतात आणि पट्टा थांबला की एकदम पोकळी होते. त्या पोकळीत मोबाइल थरथरू दे. मात्र आवाज खरा घे. ज्वारीत मधोमध पुरलेला मोबाइल दबका घुमतो आणि पत्र्याला टेकलेला असला तर डबाच करकरतो. दोन्ही रेकॉर्ड करून बघ. पार्श्वसंगीत त्या जागी अजिबात नको.

केबिनची खिडकी
ताई, मी ३४ वर्षं थेटरात ऑपरेटर होतो. रीळ होतं तेव्हापासून डिजिटल येईपर्यंत. पडद्यापेक्षा मी माणसं जास्त बघितली.

तुमचा खरा प्रश्न 'उरतं काय' हाच आहे. त्याचं उत्तर मला २०१५ मध्ये 'दृश्यम'ने दिलं. मूळ सिनेमा मल्याळम, २०१३ चा, जीतू जोसेफ यांचा. हिंदीत तो आपल्या निशिकांत कामतांनी केला, 'डोंबिवली फास्ट'वाले, आणि गोष्ट गोव्यात आणली. त्यात मेला कोण, मारलं कोणी, का मारलं, हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत होतं. लपवलीय एकच गोष्ट, आणि ती लपवलीय हे शेवटपर्यंत आपल्या ध्यानात येत नाही. कारण आपण दुसऱ्याच कामात असतो. त्या कुटुंबाचं खोटं आपण त्यांच्याबरोबर पाठ करत असतो. २ ऑक्टोबरला पणजीला सत्संग, हॉटेलात पावभाजी, बसची तिकिटं. पोलीस धाकटीला विचारायला लागले की अख्खं थेटर मनात उत्तर देत असतं. एका बाईंनी तर मोठ्याने "सांगू नको गं बाळा" म्हटलेलं मी काचेतून ऐकलंय. खड्डा उकरतात तेव्हा फक्त पंख्यांचा आवाज येत होता. आत काय निघतं ते अजूनही लिहिणार नाही, कुणीतरी बघायचा राहिला असेल.

पण हे फुकट मिळालेलं नाही. पहिला अर्धा तास नुसता संसार आहे. चौथी नापास केबलवाला, त्याची काटकसर, बायकोची कुरकुर. तेव्हा पोरं शिट्ट्या मारायची, "पुढे घ्या" ओरडायची. तोच अर्धा तास इंटर्व्हलनंतर व्याजासकट परत येतो. मला तुमच्या सिनेमाबद्दल एवढंच विचारायचंय: मोबाइल सापडावा असं बघणाऱ्याला वाटतं, की सापडू नये असं? दोन्ही नसेल तर तो स्वतःचाच मोबाइल काढणार.

पोचवण्याबद्दल बोलायचं तर, पहिल्या खेळाची माणसं बाहेर पडताना दुसऱ्या खेळाची रांग त्यांना विचारते, कसा आहे? 'दृश्यम'च्या वेळी लोक म्हणायचे, "जाऊन बघ, सांगत नाही." आमच्याकडे त्याहून मोठी जाहिरात कधी झाली नाही. पोस्टर कुणीही चिकटवतं. गुपित राखावंसं वाटणारा प्रेक्षक मिळाला पाहिजे.

जुनी_तिकिटं
वरच्या दोघांचा मान राखून म्हणतो, लपवणं वाईट नाही. राजा परांजपे यांच्या 'पाठलाग'मध्ये (१९६४) रहस्य दडवलेलंच आहे. वकिलाची बायको वारलेली, आणि आरोपी म्हणून समोर उभी असलेली बाई म्हणते, तीच मी. पण प्रश्न लवकर आणि स्वच्छ विचारलाय: ही ती आहे की नाही? घरातलं माणूसच जाणेल असं ती काही बोलली की आपण एकदा इकडे जातो, एकदा तिकडे. तुमच्या सिनेमात उत्तर लपवलंय, पण प्रश्न विचारला होता का?

वारणाकाठची
तीन आठवड्यांनी लिहितेय. काका, तुमचा प्रश्न वाचून मी दिवसभर एडिटिंगला हात लावला नाही. सापडावा की सापडू नये, हे मलाच ठरवता आलं नव्हतं.

आता सुरुवातीला गिरणीवाला एका म्हातारीचं दळण पैसे न घेता दळून देतो. हे शूटिंग नव्याने केलं. मोबाइल दुसऱ्याच मिनिटाला डब्यात पडताना दिसतो. निळा डबा, वर 'शेवंता' लिहिलेली चिठ्ठी. खून कोणी केला हे अजून दडवलंय, फक्त हात दिसतो. 'कानोसा', मोबाइल पत्र्याला टेकवलेला आवाज घेतला. मधोमधचा ऐकूच येत नव्हता.

काल त्याच हॉलमध्ये दाखवली, या वेळी ३० जण होते. मी पुढे, पडद्याशेजारी उभी राहिले, तोंडं बघायला. शेवंतामावशी डबा काट्यावर ठेवतात, हवालदार शेजारीच उभा, आणि पट्टा थांबतो. दुसऱ्या रांगेत माझी आत्या बसली होती. तिने शेजारणीचा हात घट्ट धरला आणि पुटपुटली, "आता वाजू नकोस रे."

मग डबा करकरला.